पत्रकावरचा माझा फोटो काढा: परदेशी मेडिकलला मुलं पाठवणाऱ्यांना खुलं पत्र

कोल्हापूर, 26 जून 2025

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातून वैद्यकीय शिक्षणासाठी मुलं परदेशी पाठवणारे सर्व सल्लागार, एजंट आणि कन्सल्टन्सीचालक यांस,

स.न.वि.वि.

ईदच्या सुट्टीवर घरी आले आहे. गेल्या आठवड्यात आईबरोबर बाजारहाटाला कोल्हापुरात आले होते. एसटी स्टँडवर उतरलो आणि एका मुलानं आमच्या हातात पत्रक दिलं. नीटचा निकाल लागून चार-पाच दिवस झाले होते, त्यामुळे सगळीकडं हीच पत्रकं. मी न बघता घडी घालत होते, तर आईनं हात धरला. "अगं, ही तू न्हवं का गं?"

पत्रकावर मीच होते. पांढरा एप्रन, गळ्यात स्टेथोस्कोप, मागं कॉलेजचं गेट. पहिल्या वर्षी "घरच्यांना दाखवायला फोटो पाठवा" असं ग्रुपवर सांगितलं होतं, तेव्हा पाठवलेला फोटो. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: "बांगलादेशात एमबीबीएस. भारतासारखंच वातावरण. 100 टक्के सुरक्षित. आमच्या विद्यार्थिनी निर्धास्त."

मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते या पत्रात लिहिते आहे. ज्यांचं ते पत्रक आहे त्यांचं नाव मी घेणार नाही. त्या दिवशी फिरून मी आणखी सहा जणांची पत्रकं गोळा केली. देश वेगवेगळे आहेत, पण सहापैकी पाचांवर "सुरक्षित" हा शब्द आहे आणि अडचणीच्या वेळी फोन कुणी उचलायचा हे एकाही पत्रकावर नाही. म्हणून हे पत्र तुम्हां सगळ्यांना.

आधी माझं सांगते. आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. अडीच एकर ऊस, दोन म्हशी. मी दोनदा नीट दिली. दोन्ही वेळा पात्र ठरले आणि दोन्ही वेळा सरकारी जागा थोडक्यात हुकली. खासगी कॉलेजची फी ऐकून आप्पा नुसते मान हलवत बाहेर आले होते. हे दुखणं आमच्या एकट्या घराचं नाही. यंदा देशात 22 लाखांहून जास्त मुलं नीटला बसली, 12 लाखांहून जास्त पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्याही आत आहेत. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा मुलांत एकाला जागा. उरलेल्या नऊ जणांचे आईबाप तुमच्या दारात येतात आणि तुमचा धंदा तिथं सुरू होतो. धंदा करण्याला माझी हरकत नाही. तुमच्यामुळेच मी आज चौथ्या वर्षाला आहे, हेही मी नाकारत नाही.

आम्ही तुमच्यापैकी एकाच्या सभेला गेलो तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. स्टेशन रोडवरच्या हॉटेलचा हॉल, पडद्यावर कॉलेजच्या इमारती, सगळ्यांना चहा-बिस्किटं. आप्पांनी फीचे प्रश्न विचारले. आईनं एकच विचारलं: "तिकडं काय झालं तर?" तुम्ही खुर्चीवरून उठून तिच्यासमोर आलात. म्हणालात, "मावशी, मी आहे ना. रात्री दोनला फोन करा. पोरगी माझीच समजा." त्या वाक्यावर आईनं होकार दिला. आप्पांनी वीस गुंठे जमीन काढली, सोनं बँकेत गेलं, सोसायटीचं कर्ज झालं. कॉलेजची फी वेगळी आणि तुमचं सेवाशुल्क वेगळं. त्या सेवेत काय काय येतं, याचा एक कागदही आमच्याकडं नाही.

आता जुलै 2024.

मी बांगलादेशातल्या कुमिल्ल्याला होते. तिथला वाद सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्याचा होता. 2018 साली सरकारनं रद्द केलेला कोटा 5 जून 2024 ला उच्च न्यायालयाच्या निकालानं परत आला. त्यातला 30 टक्के वाटा 1971 च्या मुक्तियुद्धातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांचा. त्यावरून विद्यापीठांतली मुलं रस्त्यावर उतरली. आमच्या वर्गातली एक मैत्रीण मला विचारायची, तुमच्याकडं कोटा कसा असतो? मी तिला शाहू महाराजांबद्दल सांगितलं होतं: 26 जुलै 1902 ला आमच्या कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या लोकांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. ती म्हणाली, ज्याला नाही त्याला द्यायला आमची ना नाही, आमचं भांडण वारसांच्या कोट्याशी आहे. त्यांच्या देशाचा प्रश्न त्यांचा. त्यात बाजू घ्यायला मी तिथं गेले नव्हते आणि आजही घेत नाही. पण ही मुलगी 15 जुलैनंतर वर्गात दिसली नाही आणि 16 तारखेला रंगपूरला अबू सईद नावाचा विद्यार्थी गोळीबारात मारला गेला, तेव्हा हॉस्टेलमधल्या आम्हां सगळ्यांना कळलं की हे आता लवकर थांबत नाही.

18 तारखेला रात्री इंटरनेट गेलं. मोबाइलचं आधीच गेलं होतं, मग वाय-फायही गेलं. तुम्ही म्हणाल, नेट गेलं म्हणून एवढं काय. नेट गेलं म्हणजे व्हॉट्सअॅप गेलं आणि आमचा घराशी असलेला सगळा संबंध व्हॉट्सअॅपवर होता. मोबाइलवरून पैसे भरणं बंद, त्यामुळे रिचार्ज बंद. विजेचे मीटर तिकडं प्रीपेड असतात, त्यामुळे ज्यांच्या मीटरमधले पैसे संपले त्यांच्या घरात अंधार. एटीएम कोरडी. 19 तारखेच्या मध्यरात्रीपासून कर्फ्यू, रस्त्यावर लष्कर, आणि कर्फ्यू मोडेल त्याला दिसताक्षणी गोळी घालायचे आदेश. 20 तारखेला दुपारी बारा ते दोन सूट मिळाली, तेवढ्यात हॉस्टेलच्या खालानं (स्वयंपाकाच्या बाईंना तिकडं खाला म्हणतात) कुठून कुठून तांदूळ आणि अंडी आणली. माझ्याकडं घरचं भडंग होतं, दोन किलोचं पाकीट. तिकडं चुरमुऱ्यांना मुरी म्हणतात आणि सगळ्यांना ते आवडतात. पहिल्या रात्री एक किलो संपलं. दुसऱ्या दिवसापासून मी वाटीनं मोजून द्यायला लागले.

आमच्या मजल्यावर एक काश्मीरची मुलगी होती. 17 तारखेलाच ती प्रत्येक खोलीत जाऊन म्हणाली होती: घरचे नंबर कागदावर लिहून घ्या, पॉवर बँक चार्ज करा, बादल्या भरून ठेवा, पासपोर्ट अंगावर ठेवा. आम्ही हसलो होतो. नेट गेल्यावर काय करायचं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. हे सांगणं तुमचं काम होतं, सर. ते एकवीस वर्षांच्या मुलीनं केलं.

कुमिल्ला शहर त्रिपुराच्या सीमेपासून अगदी जवळ आहे. आमच्या गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं की भारतीय सिमला कधीकधी एक दांडी यायची. रिचार्ज असलेलं भारतीय सिम आमच्यात एकच, त्रिपुराच्या एका मुलीचं. मुली सतरा. 19 तारखेच्या रात्री आम्ही दिवे न लावता जिन्यात रांग लावली. प्रत्येकीला एक मिनिट. लांबून आवाज येत होते, फटाक्यांसारखे, पण ते फटाके नव्हेत हे आता कळायला लागलं होतं. माझा नंबर आला तेव्हा रात्रीचे दोन वाजायला आले होते.

मी माझं मिनिट तुम्हाला दिलं.

घरी फोन केला असता तर आई रडली असती, आप्पांनी "काय करू?" विचारलं असतं आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला वाटलं, आधी तुम्हाला विचारावं, काहीतरी ठरवावं आणि मग घरी सांगावं. कागदावर पहिला नंबर तुमचाच लिहिलेला होता. मी तो लावला. "आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे." पुन्हा लावला. तेच. मिनिट संपलं, मी फोन मागच्या मुलीच्या हातात दिला. आईला माझा आवाज दुसऱ्या रात्री ऐकायला मिळाला.

त्या अठ्ठेचाळीस तासांत तिकडं आई कशी होती, हे मला नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं. ती दिवसभर टीव्हीसमोर बसून होती. तिला बंगाली येत नाही, हिंदीही बेताचंच. पडद्यावर जळणारी गाडी दिसली की ती जवळ जाऊन बघायची, कुठं आमच्या गेटची पाटी दिसते का. आप्पा शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं तुमच्या ऑफिसला आले. बोर्ड होता, कुलूप होतं. खालच्या पानवाल्यानं सांगितलं, साहेब बाहेरगावी गेलेत. पाऊस कोसळत होता. आप्पा पायरीवर संध्याकाळपर्यंत बसले. त्यांच्याबरोबर गडहिंग्लज आणि कागलकडचे आणखी दोन पालक होते, तेही तसेच आलेले. एकमेकांची पोरं एकाच देशात आहेत, हे त्यांना त्या पायरीवर बसल्यावर कळलं.

चितगावच्या आपल्या सहायक उच्चायुक्त कार्यालयाचा नंबर मला एका नेपाळी सीनियरनं दिला. आपलं उच्चायुक्त कार्यालय ढाक्याला आहे आणि चितगाव, राजशाही, खुलना, सिल्हेट इथं त्याची शाखा कार्यालयं आहेत, एवढी साधी माहिती मला अडीच वर्षांत तुमच्याकडून मिळाली नव्हती. परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" नावाचं पोर्टल 2015 पासून आहे आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांनी त्यावर नोंदणी करायची असते. ते मला सीमेवरच्या रांगेत कळलं.

21 तारखेला कॉलेजनं बस काढली, पुढं पोलिसांची गाडी. त्याच दिवशी तिकडच्या सर्वोच्च न्यायालयानं कोटा सात टक्क्यांवर आणला, पण बसमध्ये आम्हाला काही माहीत नव्हतं. वाटेत तीन ठिकाणी जळालेले टायर. एका ठिकाणी काठ्या घेतलेल्या मुलांनी बस अडवली. आमच्याच वयाची. आत डोकावून "छात्री? इंडिया?" विचारलं आणि स्वतःच रस्त्यातला ओंडका बाजूला ओढून दिला. आखाउडा नाक्यावर सामान डोक्यावर घेऊन तीन तास उभ्या होतो. पलीकडं आलो तर बीएसएफच्या जवानांनी पाण्याच्या बाटल्या हातात दिल्या. आगरतळा शहर सीमेला लागूनच आहे, दहा मिनिटांत रिक्षा, दुकानं, रस्त्यावर खेळणारी पोरं. भाषाही तीच, बंगाली. इकडं जिलेबी तळली जात होती. मी फोन लावला आणि म्हणाले, "आई, आलो मी." आम्ही कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतो. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

आगरतळ्याहून कोलकाता, कोलकात्याहून पुणे, पुण्याहून एसटी. तिकिटाला आप्पांनी पुन्हा उसने काढले. मी घरी पोचले त्याच आठवड्यात पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली आणि आम्ही म्हशींसकट गाव सोडून वर आलो. इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती मी दोन्हीकडं एकाच महिन्यात पाहिली. पूर आला की आमच्या गावात कुणी हरवत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं हे प्रत्येकाच्या मोबाइलवर येतं. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे शाळेतलं पोरही सांगतं. कुठल्या गल्लीत म्हातारं माणूस एकटं आहे, कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाच्या दावणीला किती जनावरं आहेत, हे गावात कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं असतं. 2019 आणि 2021 च्या पुरांनी ते शिकवलं. पूर येणार नाही, असं आम्हाला कुणी सांगत नाही. पूर आला तर कुठं जायचं ते सांगतात. तुमच्याकडून मला तेवढंच हवं होतं.

9 ऑगस्टला तुमचा पहिला मेसेज आला. तोपर्यंत तिकडं पंतप्रधान देश सोडून गेल्या होत्या, नवं सरकार बसलं होतं आणि आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगून झालं होतं की बांगलादेशात अंदाजे 19 हजार भारतीय, त्यात सुमारे 9 हजार विद्यार्थी, आणि बहुतेक विद्यार्थी जुलैमध्येच परतले आहेत. तुमचा मेसेज असा होता: "उरलेल्या सेवाशुल्काचा हप्ता 15 तारखेपर्यंत जमा करावा."

ही माझी पहिली तक्रार. फोन बंद होता. माणूस आजारी असतो, बाहेरगावी असतो, मला मान्य आहे. पण ज्यांनी चार-चार जिल्ह्यांतली मुलं पाठवली त्यांच्याकडं दुसरा नंबर, दुसरा माणूस, दाराला चिकटवलेला एक कागदसुद्धा नसावा?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण तिनं मुलांची वर्षं जातात. "काही झालंच तर भारतात ट्रान्सफर करून देऊ," हे वाक्य मी स्वतः त्या हॉलमध्ये ऐकलं आहे आणि यंदा माझ्या मामेबहिणीला दुसऱ्या एका ऑफिसात तेच सांगितलं गेलं. हे खोटं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 18 नोव्हेंबर 2021 चे नियम कुणालाही वाचता येतात. किमान 54 महिन्यांचं शिक्षण, त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप, दोन्ही त्याच परदेशी संस्थेत. मध्येच उठून भारतातल्या कॉलेजात बसता येत नाही. 2022 साली युक्रेनहून मुलं जीव मुठीत धरून आली, तेव्हा त्यांच्या आईबापांनाही असंच वाटत होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की त्यांना भारतातल्या कॉलेजांत सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही. चीनला शिकणारी मुलं 2020 च्या सुरुवातीला सुट्टीला घरी आली ती अडकलीच. त्यांना परतीचा व्हिसा ऑगस्ट 2022 मध्ये मिळायला लागला. अडीच वर्षं शरीररचना आणि शस्त्रक्रिया मोबाइलच्या पडद्यावर. ही सगळी उदाहरणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. म्हणूनच मी परत गेले. ऑक्टोबरमध्ये, आई नको म्हणत असताना. धाडस म्हणून नव्हे. परत गेले नसते तर वीस गुंठे जमीन आणि अडीच वर्षं दोन्ही पाण्यात गेली असती.

तिसरी, हा "100 टक्के सुरक्षित" शब्द. जगात असा देश नाही आणि तो शोधायला मी तुम्हाला सांगत नाही. मे 2024 मध्ये किर्गिझस्तानात, बिश्केकमध्ये, एका भांडणाच्या व्हिडिओवरून जमाव परदेशी मुलांच्या हॉस्टेलात शिरला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते शहर तुमच्या पत्रकांवर "शांत आणि स्वस्त" होतं. गेल्या आठवड्यात इराणमधून 110 विद्यार्थी आर्मेनियामार्गे दिल्लीत उतरले, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. परिस्थिती कुठंही, कधीही बदलते. बदलली तर काय करायचं, एवढं तरी मुलीच्या हातात हवं. "सुरक्षित" असं छापून तुम्ही आईबापांचा प्रश्नच बंद करता. आईनं विचारलेला तो एक प्रश्न त्या हॉलमधला सगळ्यांत शहाणा प्रश्न होता आणि त्याला उत्तर म्हणून मिळाला फक्त दिलासा.

आणि फोटो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझा चेहरा माझा आहे.

आता मागण्या. यातली एकही अशी नाही की तिच्यामुळे कुणाचं दुकान बंद पडेल.

माझा फोटो असलेली सगळी पत्रकं आणि बोर्ड 30 जूनपर्यंत काढा. इतर कुठल्या मुलामुलींचे फोटो असतील तर त्यांना विचारा, लेखी विचारा.

"100 टक्के सुरक्षित", "ट्रान्सफरची हमी" हे शब्द यंदाच्या प्रवेशापासून वापरू नका. आयोगाच्या नियमांचं एक पान मराठीत छापून पैसे घेण्याआधी पालकांना वाचून दाखवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. आमच्यासारख्या घरांत इंग्रजी कागद कुणी वाचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

सेवाशुल्काचा मराठीत करार द्या: किती, कशाचे, कुठली सेवा किती वर्षं, आणि ती दिली नाही तर किती पैसे परत.

मुलगी विमानात बसण्याआधी तिची "मदद" पोर्टलवर नोंदणी तुमच्या ऑफिसात, तुमच्यासमोर करून घ्या. त्या देशातल्या आपल्या दूतावासाचे नंबर, जवळची सीमा किंवा विमानतळ, तिथं पोचायचे दोन रस्ते, हे एका कागदावर लिहून द्या. त्या काश्मिरी मुलीनं सांगितलेल्या चार गोष्टीही त्यात घाला.

तुमच्याकडून गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, कॉलेज, शहर, पासपोर्ट क्रमांक आणि पालकांचा नंबर यांची यादी ठेवा, दर सहा महिन्यांनी नवी करा आणि तिची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. जिल्हाधिकारी साहेबांना माझी याच पत्रातून विनंती आहे की त्यांनी ती यादी मागून घ्यावी. पुराच्या नियंत्रण कक्षात एक फाइल जास्त मावेल. पालकांनाही एकमेकांचे नंबर द्या, म्हणजे त्यांची ओळख कुलूप लावलेल्या दारासमोर होणार नाही.

आणि दोन माणसांचे दोन नंबर, चोवीस तास चालू. रात्री दोनलासुद्धा. हे वचन तुम्हीच दिलं होतं.

राज्य सरकारकडं एक मागणी आहे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या कायद्यानं नोंदणी लागते. शिकायला मुलं पाठवणाऱ्याला त्या कायद्यात तशी अट नाही. पंजाबनं 2012 साली स्वतःचा कायदा करून अशा व्यवसायांना परवाना लावला. महाराष्ट्रानं तसा विचार करावा. पण कायदा यायला वेळ लागतो आणि मुलं या सप्टेंबरात निघणार आहेत, म्हणून पत्र आधी तुम्हाला.

आज शाहू जयंती आहे. सकाळी दसरा चौकात पुतळ्याला हार घालायला शाळांची मुलं आली होती, मीही गेले होते. तिथून चार पावलांवर बोर्डिंग आहेत. खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांना शहरात निवारा मिळावा म्हणून 1901 पासून महाराजांनी एकेका समाजाची वसतिगृहं उभी करून दिली. गावचा बाप पोराला तिथं सोडून निर्धास्त परत जायचा, कारण तिथं त्याचं बघणारं कुणीतरी होतं. त्याच शहरात बसून तुम्ही त्याहून हजारो मैल लांब पोरं सोडता आहात.

माझं शिक्षण संपायला अजून दोन वर्षं आहेत, इंटर्नशिप धरून जास्तच. मी 6 जुलैला परत निघते आहे. या वेळी घरच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, मी एक कागद चिकटवला आहे: ढाका, चितगाव, आगरतळा, कॉलेजचं ऑफिस, हॉस्टेलची खाला, गडहिंग्लजच्या त्या काकांचा नंबर. आईनं तो रोज वाचून पाठ केला आहे. तुमच्या नंबरासाठी वरची एक ओळ मोकळी ठेवली आहे. निघायच्या आधी तुमच्यापैकी ज्यांना उत्तर द्यायचं असेल त्यांनी आप्पांना फोन करावा, त्यांचा नंबर तुमच्या रजिस्टरात आहे.

आपली,
बांगलादेशात एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी
ता. करवीर, जि. कोल्हापूर